दाराशी लोण्याचं पिंप

भाजलेल्या हाताला लोणी लावतात.

बॉस्टनच्या धक्क्यावर डांबर उकळत असतं. वारा घरांकडे फिरला की तो वास पावातसुद्धा उतरतो. सवय झाली की त्याच्याशिवाय पाव अळणी लागतो.

आपल्या मागच्या बाकावर कोण बसलंय हे मान न वळवता कळतं. श्वासावरून.

खमीर एका घरातून दुसऱ्या घरात जातं, तिथून तिसऱ्या. फिरत फिरत आपल्याच घरी परत येतं, आणि तेव्हा ते मुळात आपलं होतं हे कुणाला आठवत नाही.

तापून लाल झालेली नाल सायीत सोडली की आधी चरचर होते. मग वास सुटतो. मग सगळे गप्प होतात.

"जेरुशा. माहेरची टॅबर, आता दोरखंडवाल्या ईनॉस बिलिंगची बायको. ख्रिस्ताच्या मंडळीत येऊ इच्छिते. कुणाची हरकत असेल तर पुढच्या शब्बाथाच्या आत मला येऊन सांगावं."

यातलं शेवटचं पाळकांनी व्यासपीठावरून म्हटलं. बाकीचं केझिया लंटच्या डोक्यात होतं, आणि ते एका मागोमाग एक आलं असंही नाही. सगळं एकदम आलं, फडताळ उघडताच भांडी अंगावर यावीत तसं. त्याआधी ती चांगली आरामात बसली होती. बायकांच्या बाजूला, खिडकीजवळची तिची जागा. मे महिन्याचं ऊन गुडघ्यांवर. मन अर्धं प्रवचनात आणि अर्धं घरच्या भट्टीत, कारण काल संध्याकाळी घेवडा आणि डुकराचं मांस मडक्यात घालून भट्टीत सरकवलं होतं, आणि एव्हाना ते शिजून काळंभोर, गोड झालं असणार. शब्बाथाला, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटत नाही. पण कालची ऊब भट्टी आजपर्यंत सांभाळते. केझियाला विटांचा हा गुण फार आवडायचा. आणि मग ते नाव आलं, आणि तिच्या उजव्या तळहाताला खाज सुटली. तिथे अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत एक गुळगुळीत पट्टा होता, बाकी कातडीहून जरा पांढरा. तिने तो झग्यावर घासला. शेजारच्या बाईने पाहिलं. केझियाने हात गुडघ्यावर पालथा ठेवला आणि त्यावर ऊन पडू दिलं.

ती सुखी होती. हे ती रोज तपासून बघायची, फुगलेल्या पिठात बोट दाबून बघतात तसं: खड्डा पडला आणि हळूहळू वर आला की ठीक. लेक हुल्डा धडधाकट होती, भांडखोर होती, म्हणजे प्रकृती उत्तम. जावई इथिएल पिंपं बनवायचा. घरभर ओकच्या भुशाचा वास. केझियाची स्वतःची खोली होती, तिला स्वतःची खिडकी होती, आणि खिडकीतून जहाजांच्या डोलकाठ्या दिसायच्या, एखाद्या उघड्याबोडक्या रानासारख्या. गाव सोडून इथे येताना तिला वाटलं होतं, माणसांच्या एवढ्या गर्दीत आपण गुदमरू. झालं उलटंच. गर्दीत तिला कुणी बघत नव्हतं. न बघितलं जाणं हे एवढं मऊ, एवढं उबदार असतं हे गावात राहणाऱ्याला कसं कळावं? पहिल्या हिवाळ्यात ती उगीच बाजारात जायची, दोन मासे उलटेपालटे करून बघायची आणि परत यायची. मासेवाल्याने तिच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. घरी येऊन ती हसायची. आणि आज पाळकांनी, बिचाऱ्यांना काही ठाऊक नसताना, गाव उचलून आणून तिच्या मांडीवर ठेवलं होतं.

"आई, तू उठून उभी राहा," हुल्डा जेवताना म्हणाली. तिने घेवड्याला हात लावला नव्हता. "एवढंच कर. बोलू पण नकोस. नुसती उभी राहा. सगळ्यांना कळेल."

"तुझी आई उभी राहिली की तिच्या आधी तिचे गुडघे बोलतील," इथिएल म्हणाला. "अख्खी मंडळी ऐकेल. कट्ट."

"तुला गंमत सुचतेय! हिला साखळीत घातलं होतं. त्या टॅबरच्या कार्टीमुळे."

"मला माहितेय. मी फक्त म्हटलं—"

"तू काही म्हणू नकोस. घेवडा खा."

इथिएलने घेवडा खाल्ला. मग, घास तोंडात असतानाच, सासूकडे बघून म्हणाला, "तिचं पोर आजारी आहे म्हणतात. ईनॉस सांगत होता धक्क्यावर. दूध टिकत नाही पोटात. बाप्तिस्मा व्हायला हवा लवकर, आणि आई मंडळीत नाही, बाप तर नाहीच नाही. म्हणून ही घाई."

रागावल्यावर हुल्डाची एक पद्धत होती: चमचा ताटलीच्या कडेला बरोबर आडवा ठेवायची. तसा तो ठेवून म्हणाली, "म्हणजे आता आम्हीच वाईट. झालं."

केझियाने भांड्यातला मांसाचा तुकडा लेकीच्या ताटलीत वाढला. "खा गं. थंड होतंय." आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला वाटलं, आपण मघापासून याच शब्दाभोवती फिरतोय. थंड.

गावातलं सभाघर थंड असायचं. हिवाळ्यात प्रभुभोजनाची भाकर गोठून तबकात खडखडायची. लोक पायाशी निखाऱ्यांच्या पेट्या घेऊन बसायचे, आणि कुणाची पेटी जास्त ऊबदार याचासुद्धा हिशेब मनात चालू असायचा, कारण गावात दुसरा करण्यासारखा हिशेब नव्हता. नवीन सभाघर बांधलं तेव्हा जागा ठरवायला मंडळ बसलं: वय बघायचं, जमीन बघायची, मान बघायचा, आणि त्याप्रमाणे कोण पुढे, कोण मागे. केझियाचा नवरा त्याच्या आदल्या वर्षी वारला होता आणि ओढ्याकाठचं शेत तिच्याकडे राहिलं होतं. मंडळाने तिला दुसऱ्या बाकावर बसवलं. डॉर्कस टॅबरला, जेरुशाच्या आईला, तिसऱ्या. दोघींची घरं एकमेकींना लागून. एकीच्या धुराड्यातला धूर दुसरीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. वर्षानुवर्षं त्यांनी खमीर वाटून घेतलं होतं, चाळणी वाटून घेतली होती, बाळंतपणात एकमेकींचे हात धरले होते. त्या पहिल्या शब्बाथाला केझिया दुसऱ्या बाकावर बसली आणि मागून डॉर्कसचा श्वास ऐकू येऊ लागला. जोरात, नाकातून. आणि केझियाला बरं वाटलं. फार नाही. निखाऱ्यांची पेटी पायाशी सरकवल्यावर वाटतं तेवढंच. बाहेर पडताना डॉर्कस म्हणाली, "तुझी टोपी छान आहे हो, लंटबाई. तीन तास दुसरं काही दिसलं नाही." लंटबाई! त्याआधी ती नुसती केझिया होती.

तरी पावांच्या भाजणीच्या दिवशी ती टॅबरांकडे जायची ती जायचीच. पाव भट्टीत घालून झाले की उरलेल्या पिठाची ती एक इवलीशी भाकरी करायची, तळहातात मावेल एवढी, ओकच्या पानावर भाजलेली, पानाच्या शिरा खालून उमटलेल्या. ती जेरुशासाठी. दहा-अकरा वर्षांची असेल तेव्हा. गुडघे सोललेली, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी घडाघडा म्हणणारी पोर. 'माणसाचा मुख्य हेतू कोणता?' असं विचारलं की पापणी न लवता उत्तर. आणि भाकरी मिळाली की पान उलटं करून आधी शिरा बघायची, मग खायची. पुढे चेटकाच्या खटल्यात, सभाघरात भरलेल्या कोर्टात, या भाकरीचं वेगळंच काही झालं. 'ही बाई मुलीला वरचेवर काही खायला देत असे काय?' 'होय, देत असे.' सगळ्या सभाघरातून एक उसासा निघाला. केझियाला वाटलं होतं, हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे.

तो दिवस मात्र साधा होता. हेच तिला कुणाला पटवता आलं नाही, हुल्डालासुद्धा नाही. हुल्डाला वाटतं, त्या दिवशी आभाळ काळं असणार. आभाळ स्वच्छ निळं होतं, बर्फावर ऊन, डोळे दिपत होते. भट्टी पुरेशी तापली का हे बघायला केझियाने हात आत घातला, सगळ्या बायका घालतात तसा, दहा म्हणेपर्यंत ठेवायचा. आणि काढताना तो भट्टीच्या तोंडाच्या लोखंडी पट्टीला लागला. कातडी क्षणभर चिकटली. घरातलं लोणी संपलं होतं. पाव भट्टीत सरकवले, भाजले, काढले, भाकरी रुमालात बांधून खिशात टाकली, हाताला फडकं गुंडाळलं आणि ती टॅबरांकडे निघाली. एका घरातून दुसऱ्या घरात. अंगण ओलांडलं, ढकलगाडीला वळसा घातला, टॅबरांचं दार उघडं होतं म्हणून न ठोठावताच आत शिरली आणि म्हणाली, "डॉर्कस, जरा लोणी दे गं. हात भाजलाय."

आणि समोर लोणी घुसळायचं पिंप. पिंपाजवळ डॉर्कस, हातात चिमटा. जेरुशा दांडा धरून उभी, तोंड उघडं. डॉर्कसची नणंद भिंतीला टेकलेली. जळक्या दुधाचा आणि लोखंडाचा वास. सकाळपासून लोणी येत नव्हतं. घुसळून घुसळून पोरीच्या हाताला फोड यायची वेळ आली तरी येत नव्हतं, आणि मग नणंदेने सांगितलं होतं ते सगळ्या गावाला माहीत असलेलं: नाल तापवून आत टाका. कुणी दुधाला दृष्ट लावली असेल तर चटका तिला बसेल, जिथे असेल तिथे. आणि ती स्वतःच्या पायांनी चालत दारात येईल. नाल टाकली होती. लोणी आलं होतं, पिवळं, दांड्याभोवती गोळा होऊन. आणि दारात केझिया उभी होती, फडकं गुंडाळलेला हात पुढे करून.

कुणी काही बोललं नाही. हा तो भाग होता जो ती पुन्हापुन्हा आठवत आली होती, भीतीने नव्हे, एखादी अवघड शिलाई उलटी धरून बघावी तशी. कारण त्या शांततेत त्या तिघींनी तिच्या हाताकडे पाहिलं, आणि मग तिनेही पाहिलं. स्वतःच्याच हाताकडे, त्यांच्या डोळ्यांनी. आणि तिला आठवला तो श्वास, दुसऱ्या बाकावरचा तो उबदार आनंद, आणि क्षणभर, एक संपूर्ण क्षणभर, तिला वाटलं: मी केलं असेल का?

जेरुशाच्या साक्षीवरून तिला धरलं, आणि तुरुंगात तिला याचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पायात साखळी होती, कारण लोखंडाने बांधलं की बाईचं भूत बाहेर फिरायला जात नाही म्हणे. शेजारी तामार म्हातारी असायची, दात नसलेली, साखळी वाजवून म्हणायची, "बघ, केझिया, राणीच्या बांगड्या." एका सकाळी तिला गाडीत घालून फाशीच्या टेकडीकडे नेलं. जाताना तिने आपली घोंगडी केझियाच्या अंगावर टाकली. घोंगडी अजून आहे, हुल्डाच्या पेटीत. त्या घोंगडीखाली पडून केझियाला जे समजलं ते फार मोठं नव्हतं. आपल्या लोकांना लहानपणापासून एक काम शिकवलेलं असतं: मनाचा कोपरा न् कोपरा झाडायचा आणि पाप सापडेपर्यंत थांबायचं नाही. झाडणाऱ्याला कचरा सापडतोच. मग बाहेरून कुणी येऊन विचारतो, 'तू चेटकीण आहेस?' आणि आत काहीतरी आधीच ओशाळून उभं असतं. दारं आतून उघडी असलेलं गाव होतं ते. गव्हर्नरांनी कोर्ट मोडलं, सगळ्यांना सोडलं. ती बाहेर आली तेव्हा ओढ्याला पाणी आलं होतं, आणि तिला जाणवलं, आपण कुणावर रागावलेलो नाही. ती स्वतःच घाबरली. बोट दाबून पाहिलं. खड्डा वर आला.

कारणं पुढे सगळ्यांनीच दिली. बॉस्टनला लोक विद्वान. कळलं की ही त्यांच्यापैकी एक, तर आदबीने खुर्ची पुढे ओढून बसायचे. एक म्हणाला, पूर्वेकडे इथल्या मूळच्या इंडियनांशी लढाई चालू होती, जळालेल्या गावांतून पळून आलेल्या मुली घरोघरी मोलकरणी होत्या, त्यांच्या डोळ्यांतली आग गावभर पसरली. खरं असेल. एक म्हणाला, वसाहतीची सनद गेली होती, कायदा कोणता हेच ठाऊक नव्हतं. हेही खरं. देवाचा कोप. देवीची साथ. डुकरं दुसऱ्याच्या मक्यात शिरणं. पाळकाला सरपण कुणी द्यायचं यावरून चाललेलं भांडण, आणि थंडीने काकडत प्रवचन देणाऱ्या पाळकाला सैतान दिसणारच, असं इथिएलचं म्हणणं. केझिया सगळ्यांना हो म्हणायची. भोजनाला प्रत्येक जण आपापला चमचा घेऊन येतो, तसं प्रत्येक जण आपापलं कारण घेऊन यायचा आणि त्याच मडक्यात बुडवायचा. तिचं स्वतःचं कारण ती कुणाला सांगत नव्हती. ते फार लहान होतं. सांगितलं असतं तर खुर्च्या मागे सरकल्या असत्या. ते पिंपाएवढं होतं. तेही बहुधा अर्धंच भरलेल्या.

जेरुशा आली ती गुरुवारी, दिवसाउजेडी, पोर कडेवर घेऊन. हुल्डाने दार उघडलं आणि तिला आत घ्यायचं की दार लावायचं हे न ठरवता तशीच उभी राहिली.

"येऊ दे तिला," केझिया आतून म्हणाली.

"मी कुठे अडवलंय," हुल्डा म्हणाली, आणि अडवून उभी राहिली. मग बाजूला झाली.

जेरुशा उंच झाली होती. गाल बसलेले. पोर खरंच मलूल होतं, मान टाकून आईच्या खांद्यावर. जेरुशाने केझियाच्या हाताकडे पाहिलं, पटकन नजर वळवली, आणि उभ्या-उभ्याच सुरू केलं, अगदी प्रश्नोत्तरीसारखं, एका दमात: "बाई, मी पाळकसाहेबांना निवेदन दिलंय. त्यात आहे सगळं. की सैतानाने माझ्या कोवळ्या वयाचा फायदा घेतला, माझ्या जिभेचं हत्यार केलं, आणि मी त्या अंधारात—"

"बस गं आधी."

"नाही, मला म्हणू द्या. त्या अंधारात निरपराध—"

"जेरुशा." केझियाने आवाज चढवला नाही. "सैतान राहू दे बाजूला. त्याला पुष्कळ कामं आहेत. मला एक सांग. त्या दिवशी साय गार होती का?"

जेरुशा थांबली. "काय?"

"साय. पिंपातली."

"मला... आई म्हणाली होती की—"

"आई नको. आत्या नको. दांडा तुझ्या हातात होता."

हुल्डा दारातच उभी होती, हाताची घडी घालून. खाली इथिएलची हातोडी पिंपावर कडं बसवत होती, टक टक, थांबून, टक टक. जेरुशाने पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा बदलत गेला. पाठ केलेलं संपल्यावर मुलं आधी छताकडे बघतात आणि मग आत, तशी ती बघत होती.

"गार होती," ती म्हणाली. "बर्फासारखी. दांड्यावरून उडाली की बोटं बधिर व्हायची. मी काखेत घालत होते बोटं."

"आणि गार सायीचं लोणी येतं?"

"नाही. आता मी स्वतः करते ना. गार असली की पिंप शेकोटीजवळ घ्यावं लागतं, नाहीतर दुपारपर्यंत..."

"नाल टाकल्यावर साय कशी झाली?"

खालची हातोडी थांबली होती.

"कोमट," जेरुशा म्हणाली, आणि खुर्चीत बसली. "देवा. नुसती कोमट झाली."

तिने हुंदका दिला नाही. पाणी वाहू दिलं, पोराच्या टोपीवर. हुल्डा स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ उगीच भांडी वाजवली, आणि काकवी घातलेली पातळ पेज घेऊन आली. "हे घाल त्याला, चमच्याने," ती जेरुशाकडे न बघता म्हणाली. "आमच्या धाकट्याच्या पोटात हेच टिकायचं. हळू घाल. हळू म्हटलं ना, बदक आहे का ते?"

केझिया बघत होती. तिला फार बरं वाटत होतं, एवढं की तिला संशय आला. पण हा आनंद दुसऱ्या बाकावरचा नव्हता. यात मागून कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. ती म्हणाली, "एक मात्र मला कळलं नाही गं. पिंप तर तुमच्याकडे चुलीपाशी असायचं. साय एवढी गार पडली कशी?"

"पिंप दाराशी होतं. मी ओढत नेलं होतं."

"दार उघडं टाकून? त्या थंडीत?"

पोराला ठसका लागला. तिघी एकदम पुढे झाल्या, पाठीवर थोपटलं, उभं धरलं, आणि ते रडलं, चांगलं घसा फोडून, मलूल पोर रडणार नाही असं. आणि प्रश्न तिथेच राहिला. केझियाला तो पुन्हा विचारावासा वाटला नाही. निरोप घेताना मात्र ती म्हणाली, "निवेदनात ते घाल. सायीचं."

"पाळकसाहेब म्हणतील, याने मंडळीला काय बोध होणार?"

"म्हणू देत. तू घाल. मग माझी हरकत नाही. नाही घातलंस तर मी उभी राहीन हो."

"गुडघे वाजवत," खालून इथिएल ओरडला.

शब्बाथ आला. ऊन होतं. जेरुशा मधल्या वाटेत एकटी उभी राहिली, मान खाली, आणि तिचं निवेदन पाळकांनी वाचलं, कारण बाईमाणसाने सभाघरात बोलायचं नसतं. सैतान होता त्यात. अंधार होता, कोवळं वय होतं. केझिया ऐकत होती. तळहात गुडघ्यावर उताणा. जसजसा शेवट जवळ आला तसतशी ती बाकाच्या काठाकडे सरकली, पाय खाली रोवले. नाही घातलं तिने. धीर झाला नसेल. पोराचा बाप्तिस्मा. माझ्या एका उभं राहण्यावर. तिने समोरच्या बाकाची पाठ धरली. आणि त्याच आवाजात, पान उलटून, किंचित अडखळत, पाळकांनी वाचलं: "तसेच मी साक्ष देते की त्या सकाळी साय थंड होती, आणि नाल टाकल्याने ती कोमट झाली, म्हणून लोणी आले."

कुणीतरी खोकलं. पुरुषांच्या बाजूला एकाने दुसऱ्याकडे पाहून भुवई उडवली. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नाही. पण बायकांच्या बाकांवर एक लहानशी हालचाल झाली, एकीकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, वारा गवतावरून जातो तशी, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकीने कधी ना कधी थंड साय घुसळली होती.

"कुणाची हरकत?" पाळकांनी विचारलं.

केझियाने बाकाची पाठ सोडली. हुल्डाने श्वास रोखलेला तिला ऐकू आला. वर कुठेतरी माशी काचेवर आपटत होती. मग पाळकांनी हात वर केला, मंडळीचा करार वाचला, जेरुशाने मान लववली, आणि झालं. ती आता मंडळीतली होती, आणि वाटेत उभी होती, कारण तिची जागा अजून कुणी ठरवली नव्हती.

केझिया सरकली. खिडकीकडे, जेवढं सरकता येईल तेवढं.

"अहो, ही जागा ठरलेली आहे," शेजारची बाई कुजबुजली. "इथे चारच बसतात."

"मी बारीक आहे," केझिया म्हणाली. "आणि हाडं मोडतात, बाक मोडत नाही. ये गं, जेरुशा."

पाचजणी बसल्या. उन्हाचा तुकडा आता दोघींच्या गुडघ्यांवर पडला, अर्धा-अर्धा. दुपारी पाण्याने पोराचं कपाळ ओलं होणार होतं आणि ते पुन्हा घसा फोडून रडणार होतं. घरी भट्टीत घेवडा होता. केझियाने बोट दाबून पाहिलं.

त्या सकाळी टॅबरांचं दार जेरुशाने उघडं ठेवलं होतं, आणि पिंप ओढून उंबऱ्याशी नेलं होतं, कारण तो भाजणीचा दिवस होता आणि लहान भाकरी घेऊन केझिया अंगणातून येताना तिला सगळ्यांत आधी दिसायला हवी होती.